'शोगुन' आणि दुभाष्यांची वही : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, वसई

पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसला, त्यामुळे घरबसल्या करायच्या कामाला मुहूर्त शोधावा लागला नाही. जेम्स क्लॅव्हेलची 'शोगुन' आजपासून. कादंबरी १९७५ सालची, गोष्ट १६०० च्या सुमारास जपानला पोचलेल्या एका इंग्रज खलाशाची. शोगुन म्हणजे साऱ्या जपानचा लष्करी सत्ताधीश. माझ्याकडची प्रत अकराशेहून जास्त पानांची. रोज १३ पानं वाचली तर ऑगस्टअखेर संपेल. ग्रंथालयातल्या रविवारच्या वाचनगटाला कळवलं आहे, सप्टेंबरमध्ये त्यांच्यासमोर बोलायचं.

कॉलेजात असताना ही कादंबरी मी गोष्टीसाठी वाचली होती. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, आईची बोलणी खात. आता पुन्हा वाचते आहे ती वेगळ्या कारणाने. वीस वर्षं मी कागदपत्रांचे अनुवाद करते : सातबारा, फेरफार, खरेदीखतं, मृत्युपत्रं. दोन पक्षांच्या मधे बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या भाषेत नेऊन ठेवायचं, हे माझं रोजचं काम. मागच्या वर्षी सहज मधलं एक प्रकरण उघडलं आणि लक्षात आलं की या कादंबरीत तलवारींइतकेच दुभाषे आहेत. कोण कुणाचं बोलणं पोचवतो, कुठला शब्द गिळतो, यावर माणसांचे जीव टांगलेले आहेत. यावेळी नजर त्यांच्यावर ठेवायची.

काम तीन प्रकारचं : भिंतीवर नावांचा तक्ता, एक नकाशा, आणि शब्दांची वही. पुण्याला जपानी शिकणारी माझी भाची शब्दांना मदत करणार आहे.

४ जून

नावांचा तक्ता लावला. क्लॅव्हेलने खऱ्या माणसांची नावं बदलून घेतली आहेत, हे एकदा समजलं की वाचणं सोपं होतं. तोरानागा म्हणजे तोकुगावा इएयासु. इशिदो म्हणजे इशिदा मित्सुनारी. नुकताच वारलेला ताइको म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी, शेतकऱ्याच्या घरातून वर येऊन साऱ्या देशावर हुकूम चालवणारा. त्याच्या आधीचा गोरोदा म्हणजे ओदा नोबुनागा. ताइकोचा मुलगा लहान आहे आणि कारभार पाच सरदारांच्या हाती आहे. गादीचा वारस अल्पवयीन आणि कारभारी एकमेकांवर डोळा ठेवून, ही परिस्थिती मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

कथानायक जॉन ब्लॅकथॉर्न हा खरा विल्यम ॲडम्स. जन्म १५६४, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, डच जहाजावरचा वाट दाखवणारा. जपानी लोक त्याला 'आनजिन' म्हणतात. भाचीने सांगितलं, यातलं दुसरं अक्षर सुईचं. होकायंत्राची सुई सांभाळणारा तो आनजिन. याला मराठीत काय म्हणायचं? 'नाविक' फार ढोबळ. 'कर्णधार' क्रिकेटवाल्यांनी नेला. वहीत जागा रिकामी ठेवली.

११ जून

पहिलीच मोठी भेट : अंजिरो गावात ब्लॅकथॉर्न शुद्धीवर येतो, समोर सामुराई, आणि मधे बोलणं पोचवायला एक जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचा, पाद्री. ब्लॅकथॉर्न प्रॉटेस्टंट, त्याच्या देशाचं या पाद्र्याच्या राजाशी युद्ध चालू. म्हणजे आरोपीचा वकील, दुभाषा आणि फिर्यादी सगळं एकच माणूस. ब्लॅकथॉर्नला एक अक्षर कळत नाही. त्याला फक्त सूर ऐकू येतो आणि चेहरे दिसतात.

इथे लेखकाने काही बनवलेलं नाही. ॲडम्सच्या पत्रांतून हेच समजतं : पोर्तुगीज जेझुइट आले आणि हे लोक चाचे आहेत असं त्यांनीच सांगितलं. इएयासुने मात्र ऐकलं नाही. या माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, मग यांना का मारू, असा त्याचा विचार होता.

हे प्रकरण मी दोनदा वाचलं. ऐकणारा हुशार असेल तर वाईट दुभाष्यालाही ओलांडून पलीकडे बघतो. तोरानागा पुढे साऱ्या कादंबरीभर हेच करतो.

१९ जून

नकाशाचं काम. कादंबरीत जहाज इझु द्वीपकल्पाला लागतं. खरं जहाज लागलं एप्रिल १६०० मध्ये क्यूशू बेटावरच्या बुंगो प्रांतात, उसुकीजवळ. पाच डच जहाजं १५९८ साली रॉटरडॅमहून निघाली आणि मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकमध्ये शिरली. त्यातलं 'लीफ्दे' एवढंच जपानला पोचलं. वर जेमतेम दोन डझन माणसं जिवंत, त्यातली स्वतःच्या पायावर उभी राहू शकणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

कादंबरीत जहाजाचं नाव 'इरॅस्मस' आहे. 'लीफ्दे'चंही आधीचं नाव तेच होतं, आणि मागच्या बाजूला त्या डच विद्वानाची लाकडी मूर्ती बसवलेली होती. ती मूर्ती फिरत फिरत तोचिगी भागातल्या सानो इथल्या एका बौद्ध देवळात पोचली आणि तिथे शेकडो वर्षं वेगळ्याच नावाने पुजली गेली. आता ती तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. हातात पुस्तकाची गुंडाळी घेतलेला एक युरोपियन पंडित जपानी खेड्यात देव होऊन बसला. दोन संस्कृतींची गाठ अशीही पडते, कुणी न ठरवता.

त्याच रात्री 'वाटेच्या वही'वर अडकले. कादंबरीत ब्लॅकथॉर्नकडे पोर्तुगीजांची चोरीची सागरी वही असते : कुठल्या वाऱ्यात कुठे वळायचं, खडक कुठे, गोडं पाणी कुठे. तीच त्याची खरी दौलत. तेव्हा ही माहिती पोर्तुगीज लोक जिवापाड जपत. आणि ती बाहेर फुटली कुठून? आपल्या गोव्यातून. यान हुइगेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ पासून गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याने तिथे बसून जलमार्गांची टिपणं उतरवून घेतली आणि घरी परतल्यावर १५९५-९६ मध्ये छापली. मग डच जहाजं पूर्वेला निघाली. मांडवीच्या काठी कुणीतरी शांतपणे उतरवून घेतलेली पानं या कादंबरीच्या मुळाशी आहेत, हे समजल्यावर मी नकाशा पुन्हा काढला. आता तो लिस्बनपासून सुरू होतो आणि गोवा मधोमध येतो.

२७ जून

ओसाकाचा तुरुंग. इथे ब्लॅकथॉर्नला एक म्हातारा फ्रान्सिस्कन, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक संघाचा पाद्री, भेटतो आणि जपानी भाषेचे पहिले शब्द तो याच माणसाकडून शिकतो. ज्याला शत्रू मानायचं तोच पहिला गुरू. या प्रसंगात क्लॅव्हेल फार माणुसकीने लिहितो. शिवाय फ्रान्सिस्कन आणि जेझुइट यांचं आपापसातलं वैरही इथेच उघडं पडतं.

फ्रान्सिस्कन आणि दुभाषा हे दोन शब्द एकत्र आले की वसईकराला एकच नाव आठवतं : गोन्सालो गार्सिया. इथे त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. आम्ही शाळेत जाताना ते नाव रोज वाचायचो आणि पुढे जायचो. जन्म इथलाच, १५५६-५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. पोरवयातच जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा अशी शिकला की लोक त्याच्याकडे ओढले जात. नंतर व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाला आणि १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर दुभाषा म्हणून जपानला परतला. कादंबरीतला जो ताइको पहिल्या पानाआधीच मेलेला आहे, त्या खऱ्या हिदेयोशीसमोर उभं राहून वसईच्या या माणसाने बोलणी पोचवली.

१५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटलं. माल जप्त झाला. आधी पाद्री येतात, मागून फौज येते, अशा अर्थाचं बोलणं जहाजावरच्या माणसाकडून झाल्याचं सांगतात. हिदेयोशी भडकला. २६ जणांना पकडून, कानाची पाळी कापून, ऐन थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवलं. त्यात गोन्सालो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं.

ब्लॅकथॉर्न ज्या जपानमध्ये उतरतो तिथे ही टेकडी जेमतेम तीन वर्षांपूर्वीची आहे. हे मनात ठेवून वाचलं की कादंबरीतल्या पाद्र्यांची भीती समजते. आधी मला ते नुसते कपटी वाटायचे. आता त्यांच्या पायाखालची जमीनही हलताना दिसते.

आज एकही पान पुढे वाचलं नाही. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर किल्ल्यात जाऊन आले.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी, आणि दुपारभर भाचीशी व्हिडिओ कॉल. आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात आनंदाचा.

कादंबरीत ब्लॅकथॉर्न जपानी शिकताना घामाघूम होतो. क्रियापद शेवटी येतं, नामाला मागून काहीतरी चिकटतं, वाक्य त्याला उलटं वाटतं. मी भाचीला म्हटलं, एक साधं वाक्य सांग. ती म्हणाली, "वाताशी नो फुने वा ओसाका नि आरिमासु." मग शब्दाखाली शब्द लिहिला : मी-चं जहाज तर ओसाका-त आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही! 'नो' म्हणजे आपलं चा-ची-चे, 'नि' म्हणजे ला किंवा त, 'वा' साधारण आपल्या 'तर'सारखा.

"मावशी, थांब, आता गंमत ऐक," ती म्हणाली. "वाकारिमासु का?" कादंबरीत हा प्रश्न पानोपानी येतो. अर्थ : कळतं का? जपानीत प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. मराठीतही 'का'च. आणि पात्रं ज्या 'नेह'ने प्रत्येक वाक्य संपवतात, तो खरा 'ने' म्हणजे आपला 'ना'. छान आहे, ना? पाऊस थांबला, ना?

या दोन भाषांचं काही नातं नाही, हा निव्वळ योग आहे, हे तिने दोनदा बजावलं. तिच्या शिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात ते सांगितलेलं. तरी वाचनात फरक पडतोच. जिथे इंग्रज वाचक ब्लॅकथॉर्नबरोबर अडखळतो, तिथे मराठी वाचक त्याच्या दोन पावलं पुढे चालतो. मला तर काही ठिकाणी त्याला सांगावंसं वाटलं, अरे, क्रियापदाची वाट बघ, माणूस शेवटी बोलतो ते खरं.

सान, सामा या मानाच्या प्रत्ययांचंही तेच. राव, पंत, बाई, साहेब यांत वाढलेल्या माणसाला कुणाला काय लावायचं हे शिकवावं लागत नाही. अंजिरोचा सामुराई ओमि, तो ओमि-सान कधी ओमि-सामा होतो, तिथे कान आपोआप टवकारतात.

१३ जुलै

तोरानागा आणि ब्लॅकथॉर्न यांची मुलाखत. मधे फादर आल्व्हितो. हे पात्र जुआंव रोद्रिगिश या खऱ्या जेझुइटावरून घेतलेलं आहे. तो पोरवयात जपानला आला, तिथेच वाढला आणि इतका तयार झाला की त्याला 'त्सूजी' म्हणजे दुभाषा हेच नाव पडलं. जपानी भाषेचं त्याचं मोठं व्याकरण १६०४ ते १६०८ या काळात नागासाकीला छापलं गेलं. त्याच्याआधी, १६०३ मध्ये, जेझुइटांनी बत्तीस हजारांवर शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश काढला होता. ज्यांनी छापखाना चालवला, व्याकरण लिहिलं, कोश केला, ती ही माणसं. कादंबरीत ती खलनायकाच्या बाजूला उभी दिसली तरी क्लॅव्हेल आल्व्हितोला खोटं बोलू देत नाही.

प्रसंग असा : ब्लॅकथॉर्न सांगतो की स्पेन आणि पोर्तुगाल यांनी पोपच्या साक्षीने जग वाटून घेतलं आहे आणि पूर्वेकडचा सगळा भाग, जपानसकट, पोर्तुगालच्या वाट्याचा आहे. हे वाक्य जपानीत न्यायचं काम पोर्तुगीजांच्याच पाद्र्याचं. तो थांबतो. तोरानागा त्याला थांबलेला बघतो. मग तो ते वाक्य जसंच्या तसं सांगतो.

१४९४ चा तोर्देसिल्यासचा करार खरा आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली. आमच्या किल्ल्याच्या भिंती त्याच वाटणीच्या कागदाखालच्या. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला तोवर.

एक सांगते. धंद्यात मला एकदा माझ्याच नातलगाच्या विरोधात जाणारं मृत्युपत्र भाषांतरासाठी आलं होतं. एका ओळीत 'हयातीपर्यंत' हा शब्द होता. तो गाळला असता तर घर आमच्याकडे राहिलं असतं, आणि कुणालाही कळलं नसतं. मी तो ठेवला. आज आल्व्हितोच्या त्या थांबण्यात मला तीच दुपार दिसली.

२० जुलै

तितराचा प्रसंग. खरं तर फेझंट, पण वहीत मी 'रानकोंबडा' लिहिलं. ब्लॅकथॉर्न मांस मुरायला म्हणून पक्षी दारात टांगतो आणि अर्धवट जपानीत सांगून ठेवतो, माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्याच्या दृष्टीने ती साधी सूचना. घरातल्यांच्या दृष्टीने तो धन्याचा हुकूम. पक्षी सडतो, माश्या, दुर्गंधी, सारं गाव हैराण. शेवटी म्हातारा माळी तो उतरवतो आणि हुकूम मोडल्याबद्दल त्याला मरावं लागतं. ब्लॅकथॉर्नला नंतर कळतं.

साऱ्या कादंबरीत मला याहून भयंकर पान नाही. तलवारीने पडलेली डोकी पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते लेखकाने ती जरा जास्तच पाडली आहेत. जपानी माणसाला मरणाचं काहीच वाटत नाही असं चित्र त्याने ओढून ताणून उभं केलं आहे. पण हा माळी मरतो तो एका वाक्यामुळे. बोलणाऱ्याला आपल्या वाक्याचं वजन माहीत नव्हतं.

मांसावरून रायगड आठवला. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्सिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून गडावर होता, बरोबर दुभाषा नारायण शेणवी. इंग्रजांना मांसाशिवाय जेवण जाईना, म्हणून खाटकाची सोय करून दिली. तेव्हा इकडे आलेल्या फ्रायर या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवलंय की तो म्हातारा खाटीक एवढं मांस घेणारे हे लोक आहेत तरी कोण, हे बघायला गड चढून वर आला. तिथे कुणाचा जीव गेला नाही. मधे नारायण शेणवींसारखा माणूस होता आणि राजाने पाहुण्यांची सवय समजून घेतली होती. अंजिरोच्या त्या घरात त्या दिवशी दुभाषा नव्हता.

२९ जुलै

तीन दिवस वीज ये-जा. मेणबत्तीवर वाचायचं वय राहिलं नाही. ३९ पानांचा तोटा. फक्त वहीचं काम : कोकू. भात मोजायचं माप, सुमारे १८० लिटर, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढं धान्य. सरदाराची ऐपत कोकूत सांगायची. इएयासु सुमारे २५ लाख कोकूंचा धनी. ॲडम्सला पुढे मिउरा द्वीपकल्पावर हेमी इथे जी जहागीर मिळाली ती सुमारे २५० कोकूंची. खंडी-मणात हिशेब करणाऱ्यांच्या नातीला हे माप लगेच पटलं.

३ ऑगस्ट

'कर्म' या शब्दाने दोन महिने छळलं. कादंबरीत पात्रं उठता-बसता म्हणतात : कर्म. जहाज बुडालं, कर्म. मुलगा मेला, कर्म. इंग्रजी वाचकाला त्यात पूर्वेचा गूढ वास येत असेल. मराठी वाचक मात्र दचकतो, कारण आपण कपाळावर हात मारून म्हणतो ते 'कर्म माझं!' यात वैताग असतो, आणि ही पात्रं तर शांतपणे बोलताहेत. भाचीला विचारलं. ती म्हणाली, जपानीत यासाठी 'गो' आणि 'इंगा' हे शब्द आहेत, संस्कृतातून चीनमार्गे आलेल्या कल्पनांचे. १६०० सालचा सामुराई 'कर्म' असा संस्कृत शब्द वापरणार नाही.

मग मी प्रत्येक ठिकाणी त्या सुरात आपल्याकडे काय म्हणतील ते लिहून पाहिलं. कुठे 'प्रारब्ध' आलं, कुठे 'भोग', कुठे 'नशिबात होतं'. एका जागी, माणूस मरणाच्या दारात हसून तो शब्द म्हणतो तिथे, 'असो' एवढंच लिहिलं. ते मला सगळ्यात बरोबर वाटतं.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

पाचूबंदरला गेले. दर्याला नारळ वाहून झाले होते, होड्या रंगवून तयार. एका ओळखीच्या कोळी काकांना विचारलं, समुद्रात वाट कुठली धरायची हे होडीवर कोण ठरवतो? त्यांनी जरा आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. "तांडेल. आनखी कोन?" मग त्यांनी जीपीएस दाखवलं, आणि ते येण्याआधी आपले वडील रात्री तारा आणि दिवसा डोंगराची टोकं धरून कसे यायचे, ते सांगितलं.

आनजिनच्या पुढची रिकामी जागा भरली : तांडेल. 'आनजिन-सान' म्हणजे 'तांडेल'. नावाऐवजी कामाने हाक मारायची ही रीत आपल्याकडेही आहेच, पाटील, कुलकर्णी, गुरव. ब्लॅकथॉर्न हे नाव जपानी जिभेला झेपेना म्हणून काम हेच नाव झालं. खऱ्या ॲडम्सलाही मिउरा आनजिन म्हणत. मिउराचा तांडेल.

१५ ऑगस्ट

सुट्टी. झेंडावंदनाहून येऊन नकाशावर बसले. योगायोगाने आजचीच तारीख : १५ ऑगस्ट १५४९ रोजी फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. त्याला तिथे नेणारा अंजिरो नावाचा सामुराई गोव्यात राहिलेला. तो सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि १५४८ मध्ये गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. जपानविषयी झेवियरला जे काही ठाऊक होतं ते बरंचसं याच माणसाकडून. कादंबरीतल्या गावाचं नाव अंजिरो का, हे मला आज जरा जास्तच अर्थपूर्ण वाटलं. इझुवर अजिरो नावाचं खरं गाव आहे, त्यामुळे जोडणी माझ्या मनातलीच असेल. तरी नकाशावर दोन्ही अंजिरो एकाच रंगाने लिहिले.

आणखी एक जोडी गेले आठ दिवस डोक्यात घोळते आहे. १६०० सालच्या आसपास आशियात दोन इंग्रज होते. एक ओसाकाच्या तुरुंगात सुमारे सहा आठवडे बसलेला ॲडम्स, ज्याला मारा म्हणून जेझुइट आग्रह करत होते. दुसरा स्वतः जेझुइट : थॉमस स्टीफन्स, १५७९ पासून गोव्यात, सासष्टीतल्या खेड्यांत. आपले फादर स्टीफन्स. १५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज सोबती हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी धडपडणाऱ्यांत स्टीफन्स होते. देशाचं नातं धर्माच्या भांडणापेक्षा त्यांना जवळचं वाटलं असावं. पुढे त्यांनी मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं, आणि कोंकणीचं व्याकरण लिहिलं. तिकडे रोद्रिगिश जपानीचं व्याकरण लिहीत होता, इकडे स्टीफन्स आपल्या भाषांचं. गटात हे सांगितल्यावर एक आजोबा म्हणाले, "म्हणजे या कादंबरीचा दुसरा भाग गोव्यात लिहायला हवा होता." खरंच हवा होता. सासष्टीच्या पावसात ओव्या ऐकत बसलेल्या त्या इंग्रजाची अशी हजार पानं मी एका दमात वाचेन.

२४ ऑगस्ट

मारिको. पुढचं वाचायचं नसेल त्यांनी ही नोंद सोडावी.

मारिको-सान लॅटिन आणि पोर्तुगीज जाणते, ब्लॅकथॉर्नची दुभाषी, शिक्षिका आणि प्रेमही. लोकांसमोर ते पोर्तुगीजमध्ये बोलतात, एकांतात लॅटिनमध्ये. हा फरक दाखवायला क्लॅव्हेलने जुन्या इंग्रजीतला जवळिकीचा 'तू' वापरला आहे. मराठीत हे आपसूक झालं असतं. 'तुम्ही'चं 'तू' कुठल्या ओळीत होतं, एवढं दाखवलं की सगळं सांगून झालं.

कादंबरीभर ती दुसऱ्यांचे शब्द वाहते. ओसाकाच्या किल्ल्यात मात्र स्वतः उभी राहते : माझ्या धन्याने बोलावलं आहे, मी उद्या निघणार. सरदारांच्या बायका-मुलांना इशिदोने पाहुणे म्हणून डांबून ठेवलं आहे. जाऊ दिलं तर ओलीस हातचे जातात, अडवलं तर ते ओलीस आहेत हे सगळ्यांसमोर कबूल होतं. ती दरवाजाकडे चालू लागते, तिची माणसं एकेक करून पडतात, मग ती स्वतः नागिनाता, लांब दांड्याचं पातं, उचलते. वाट मिळत नाही, तेव्हा धन्याचा हुकूम पाळता आला नाही म्हणून सूर्यास्ताला मरायची तयारी करते. ख्रिस्ती असून. शेवटच्या क्षणी इशिदो नमतो. एका वाक्याने तिने किल्ला जिंकला, आणि ते वाक्य तिने कुणासाठी भाषांतर केलेलं नव्हतं. त्याच रात्री ती मरते.

खरी बाई होसोकावा ग्राशिया. माहेरची आकेची, नोबुनागाला १५८२ मध्ये दगा देणाऱ्या मित्सुहिदेची मुलगी. १५८७ मध्ये ख्रिस्ती झाली. १६०० च्या ऑगस्टमध्ये मित्सुनारीची माणसं तिला ओलीस धरायला आली, तेव्हा आत्महत्या धर्मात बसत नाही म्हणून घरच्या कारभाऱ्याच्या हातून तिने मरण घेतलं आणि वाडा पेटवला गेला. फूल आपली गळायची वेळ ओळखतं म्हणूनच ते फूल, अशा आशयाची तिची अखेरची कविता सांगतात. तिचा नवरा इएयासुच्या बाजूने लढला. तिची आणि ॲडम्सची भेट झाल्याची काही नोंद नाही. ते प्रेम सगळं कादंबरीकाराचं, आणि मी त्याला ते आनंदाने देऊन टाकते.

रात्री झोप नाही.

३१ ऑगस्ट

संपली. घरात गणपती, पाहुण्यांच्या चहाच्या मधे शेवटची चाळीस पानं.

ज्या लढाईची अकराशे पानं वाट बघायची, ती सेकिगाहाराची लढाई क्लॅव्हेल शेवटी काही ओळींत आटपतो. पहिल्यांदा वाचताना मला फसल्यासारखं झालं होतं. आता ते योग्य वाटतं : लढाई आधीच झालेली आहे, मुलाखतींत, चहाच्या खोलीत, किल्ल्याच्या दाराशी. २१ ऑक्टोबर १६०० रोजी इएयासुने ती जिंकली, मित्सुनारीचं डोकं क्योतोच्या नदीकाठी उडवलं गेलं, १६०३ मध्ये इएयासु शोगुन झाला.

आणि जहाज! ते कुणी जाळलं हे शेवटच्या पानांत कळतं तेव्हा पुस्तक उलटं फिरवून पुन्हा पहिल्या पानापासून वाचावंसं वाटतं. खऱ्या ॲडम्सने इएयासुसाठी इतोला दोन जहाजं बांधली. १६१३ मध्ये त्याला घरी जायची परवानगी मिळाली, तरी तो गेला नाही. इंग्लंडमध्ये बायको आणि मुलगी, जपानमध्ये जोसेफ आणि सुझॅना ही मुलं. १६२० मध्ये हिरादोला वारला.

क्लॅव्हेल स्वतः दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचा कैदी होता. तिथून जिवंत सुटलेल्या माणसाने तीस वर्षांनी हे पुस्तक लिहिलं. ब्लॅकथॉर्नच्या मनातला द्वेष हळूहळू विरघळतो, ती पानं त्याने कशी लिहिली असतील, याचा विचार करत बसले. आरतीला हाक आली तेव्हा उठले.

७ सप्टेंबर

वही ३१२ शब्दांवर थांबली. बोलायचं ते १४ तारखेला. टिपणं तयार आहेत. भाची विसर्जनासाठी आली होती, तिने तक्त्यावर जपानी अक्षरं घातली आणि 'त्सूजी'समोर स्वतःच्या हाताने 'दुभाषा' लिहिलं. त्या ओळीत मी चार नावं टाकली : रोद्रिगिश, ग्राशियाच्या सावलीतली मारिको, नारायण शेणवी आणि गोन्सालो.

नकाशावर गोन्सालोची वाट काढायची राहिली होती. वसईचा ठिपका लाल शाईने दिला, नागासाकीचाही. मधली रेघ भाचीने ओढली, मनिलाला वळसा घालून.